तेरा आल्ताच्या द्राक्षमळ्यांतून सायकल: जुन्या रेल्वेच्या वाटेवर किती दिवस द्यावेत?

वळणवाट (धागाकर्ती)

इथे अधूनमधून विचारणा होत असते: घरातले सगळे चालवू शकतील, मागून ट्रक येणार नाही, आणि तरीही डोंगर दिसतील, अशी सायकलची वाट युरोपात कुठे आहे? हॉलंड-जर्मनीतल्या नदीकाठच्या वाटांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. भूमध्य समुद्राच्या बाजूचं फारसं नाही. मी बार्सिलोनात राहते, आई-बाबा साताऱ्याहून आले की त्यांना घेऊन जिथे जाते त्या भागाबद्दल लिहिते.

कातालोनियाच्या दक्षिण टोकाला, एब्रो नदीच्या पश्चिमेला तेरा आल्ता नावाचा तालुका आहे. बारा गावं, सगळी मिळून वस्ती बारा हजारांच्या आत. द्राक्ष, ऑलिव्ह आणि बदाम ही तीन पिकं, आणि दक्षिणेला एल्स पोर्त्स हा चुनखडीचा डोंगर. त्याचं सर्वांत उंच शिखर, मोंत कारो, चौदाशे चाळीस मीटरच्या पुढे जातं.

या भागातून वाल दे साफान नावाची रेल्वे जायची. आरागोनच्या पठारावरून निघून समुद्रापर्यंत, थेट सांत कार्लेस दे ला रापिता बंदराला भिडायची, अशी मूळ योजना. आल्कान्यिसपर्यंत गाडी 1895 मध्ये आली. तिथून तोर्तोसा गाठायला 1940 चं दशक उजाडलं, आणि समुद्र तर तिने कधी पाहिलाच नाही. 1973 मध्ये एक बोगदा ढासळला, तेव्हा गाडी बंद झाली ती कायमची. स्पेनमध्ये 1993 पासून अशा बंद रेल्वेमार्गांवर चालण्या-सायकलच्या वाटा करायचा कार्यक्रम चालू आहे. त्यांना तिथे 'विया वेर्दे', म्हणजे हिरवी वाट म्हणतात. आज अशा तीन हजार किलोमीटरहून जास्त वाटा आहेत. आपली वाट त्यांतली एक: आर्नेस-येदो स्टेशनपासून तोर्तोसापर्यंत, सुमारे 49 किलोमीटर.

नवख्यांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे चढ. वाफेच्या इंजिनाला जो चढ झेपायचा तोच सायकलला मिळतो. आर्नेसकडून चारशे-साडेचारशे मीटर उंचीवरून निघून तोर्तोसाला जवळपास समुद्रसपाटीवर यायचं, तेही पन्नास किलोमीटरमध्ये. म्हणजे सरासरी शंभर मीटरला एक मीटरच्या आत उतार. बऱ्याच वर्षांत सायकलला हात न लावलेला माणूसही हे सहज करतो. गाड्या नाहीतच. अधूनमधून शेतरस्ता वाट ओलांडतो, तिथे ट्रॅक्टरला जागा द्यायची, एवढंच.

आता माझा मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. तोर्तोसातले भाड्याने सायकल देणारे सरसकट एक दिवसाचा बेत विकतात. सकाळी व्हॅनमधून वर सोडतात, संध्याकाळपर्यंत तुम्ही खाली. त्यात बोगदे दिसतात, पूल दिसतात, नदी दिसते. तेरा आल्ता दिसत नाही! कारण रेल्वे बांधणाऱ्यांनी चढ टाळायला नदीची घळ धरली, आणि गावं मात्र शेकडो वर्षांपूर्वी टेकड्यांच्या माथ्यावर वसलेली. स्टेशनला गावाचं नाव असतं, गाव तीन-चार किलोमीटर वर असतं. ओर्ताचं तसंच, प्रात दे कोम्तेचं तसंच, पिन्येलचं तर फारच. बेनिफायेत गाव नदीच्या पलीकडच्या काठावर. तेरा आल्तात एकट्या बोतमध्ये स्टेशन गावाला लागून आहे. त्यामुळे एका दिवसात खाली उतरणाऱ्याला गावाचं नाव वाचून पुढे जावं लागतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: चार-पाच दिवस द्या, आणि रोज एकदा तरी वाट सोडून वर चढा.

पहिला मुक्काम ओर्ता दे सांत झोआन. व्हॅनने आर्नेस-येदो स्टेशनला उतरलात की ओर्तापर्यंतचं अंतर थोडं आहे, डावी-उजवीकडे मळे आणि समोर रोकेस दे बेनेतचे उभे कडे. पिकासो इथे 1898 मध्ये, सोळा वर्षांचे असताना, आजारातून उठल्यावर मित्राच्या घरी हवापालटाला आले होते. तो मित्र मान्युएल पायारेस, ओर्ताचाच. 1909 मध्ये पिकासो परत आले आणि इथली घरं, इथला सांता बार्बारा डोंगर त्यांनी चौकोनी पैलूंत रंगवला. त्या चित्रांच्या प्रतिकृतींचं छोटं संग्रहालय गावात आहे. ते पाहून बाहेर पडा आणि मग त्या डोंगराकडे बघा. पायथ्याशी जुना मठ आहे, त्याच्या अंगणात बसून पाहिलं की कोणती कड कुठून घेतली ते कळत जातं. आईला चित्रकलेत काडीचा रस नाही, पण ती तिथून हलायला तयार नव्हती. गावाजवळ 'लो पारोत' नावाचं ऑलिव्हचं प्रचंड झाड आहे, हजार वर्षांहून कितीतरी जुनं मानतात. खोड इतकं पिळवटलेलं आहे की त्याच्या पोकळीत माणूस उभा राहील.

पुढचा दिवस ओर्ता ते बोत, आणि बोतहून गांदेसाला फाटा. बोत-गांदेसा रस्त्यावर थोडी वाहतूक असते, पण मळ्यांमधले शेतरस्ते समांतर जातात. गांदेसाची सहकारी वाइनरी 1919 ची, सेझार मार्तिनेल या वास्तुविशारदाची. मार्तिनेल हे बार्सिलोनाचे प्रसिद्ध वास्तुविशारद गाउदी यांच्या शिष्यांपैकी. शेतकऱ्यांकडे पैसा थोडा, लाकूड-लोखंड महाग. मग त्यांनी पातळ विटा आडव्या ठेवून, थरावर थर देऊन, कातालोनियातल्या जुन्या पद्धतीने कमानीची छतं उभी केली. आत गेलात की मान वर होते ती खाली येत नाही.

त्याहून मोठी त्यांची दुसरी वाइनरी पिन्येल दे ब्रायमध्ये, 1922 ची. दर्शनी भिंतीवर झाव्हिएर नोगेस यांनी चितारलेल्या फरशांचा पट्टा आहे: द्राक्षं तोडणारे, ऑलिव्ह झोडपणारे, पिंपं वाहणारे, आणि मध्येच दारू चढलेले शिकारी. पैशाअभावी या फरशा कित्येक वर्षं तशाच पडून होत्या, भिंतीवर चढल्या 1949 मध्ये. पिन्येल स्टेशनवरून गाव गाठायचा चढ दमवतो. चढा. या सगळ्या वाटेवर एकच जागा बघायची असेल तर मी ही निवडेन.

बोत ते पिन्येल स्टेशन हा वाटेचा सर्वांत देखणा तुकडा. कानालेतेस नदीची घळ, एकामागोमाग एक बोगदे, मध्ये उंच पूल. मध्येच खाली उतरून फोंतकाल्दा. तिथे घळीत देवीचं ठाणं आणि 28 अंशांच्या आसपास पाणी असलेला झरा आहे. उतरताना मजा, चढताना सायकल हातात धरायची तयारी ठेवा.

बेनिफायेतनंतर एब्रो सोबतीला येते, मळे मागे पडतात आणि संत्र्यांच्या बागा सुरू होतात. शेर्तामध्ये चर्चच्या भिंतीवर पुरांच्या पातळीच्या खुणा लावल्यात. 1787 ची खूण सर्वांत वर. तिच्याखाली उभं राहून हात वर केला तरी पोचत नाही. शेवट तोर्तोसात, नदीवरच्या लाल रंगाच्या जुन्या रेल्वेपुलावरून. आता तो चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा आहे.

हवामान: फेब्रुवारीत बदाम फुलतो, एप्रिल-मे उत्तम, सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी. जुलै-ऑगस्ट टाळा. उकाडा तर आहेच, शिवाय वणव्याचा धोका वाढला की एल्स पोर्त्समधल्या वाटा बंद करतात. ओर्ताजवळ जुलै 2009 च्या वणव्यात पाच अग्निशमन जवान गेले. तो भाग अजून हे विसरलेला नाही, तेव्हा बंदीची पाटी दिसली तर वाद न घालता मागे फिरा.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे तेवढं सांगते.

कडीपत्ता

वाचनखूण साठवली! पण आम्ही शुद्ध शाकाहारी. त्या खेड्यांत काय मिळणार?

वळणवाट

कडीपत्ता, उपाशी राहणार नाही. पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घालतात, ते प्रत्येक बारमध्ये मिळतं. विस्तवावर भाजून सोललेली वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा, वर तेल, म्हणजे एस्कालिवादा. आमच्या बाबांनी त्यात मीठ-तिखट घालून भरीतच केलं. खास इथला शेतावरचा डबा म्हणजे क्लोचा: गोल पाव पोखरून आत भाजलेला टोमॅटो, लसूण, कांदा आणि खारवलेला मासा भरतात. मासा नको म्हणून आधी सांगितलं तर देतात. गोडात 'पास्तिसेत' खा, करंजीच्या आकाराचे असतात, आत भोपळ्याच्या जातीच्या फळाचा तंतुमय मुरांबा. पिठात तेलाबरोबर थोडी दारू घालतात, ते चालत नसेल तर आधी विचारा. सूपबद्दल मात्र सावध, भाजीच्या सूपमध्येही हाडांचं पाणी असतं.

जेवणाच्या वेळा दीड ते साडेतीन. चार वाजता पोचलात तर स्वयंपाकघर बंद. सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात.

निफाडकर

ताई, लेख आवडला. आमची स्वतःची बाग आहे, त्यामुळे माझे प्रश्न द्राक्षाचे. फोटोंत पाहिलंय की तिकडे तारा नाहीत, मांडव नाही, नुसतं झुडूप जमिनीत उभं. ठिबक पण दिसत नाही. मग पाण्याचं काय? आणि कलमासाठी मुळाचा खुंट कोणता?

वळणवाट

निफाडकर दादा, जुने मळे तसेच आहेत. खोड गुडघ्याएवढं ठेवतात, वर चार-पाच फांद्यांचा पेला, आधार कसलाच नाही. पाणी पावसाचं. नवीन मळ्यांत मात्र तारा आल्यात, काही ठिकाणी ठिबकही, कारण यंत्राने तोडणी करायची असते. इथे वाऱ्याचा मोठा हात आहे. वायव्येकडून 'सेर्स' नावाचा कोरडा वारा येतो, तो पानं सुकी ठेवतो, त्यामुळे बुरशी कमी. समुद्राकडून 'गार्बिनादा' येतो, तो उन्हाळ्यात संध्याकाळी दमट गारवा देतो. मातीला 'पानाल' म्हणतात, जुन्या काळच्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन झालेली. हातात घेतली की भुगा होते, पण ओल धरून ठेवते. खुंटाचं नाव मी विचारलं नाही, अमेरिकन खुंटावर कलम करतात एवढं नक्की. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या मुळ्या खाल्ल्या, तेव्हापासून सगळीकडे तेच.

जात मुख्यतः गार्नाचा, त्यातही पांढरी. जगातल्या पांढऱ्या गार्नाचाचा तिसरा हिस्सा आमच्याकडे, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

निफाडकर

धन्यवाद. आमच्याकडे डॉगरिज खुंटाशिवाय भागत नाही, खारं पाणी आणि चुनखडीची जमीन. इथल्या वाचकांना सांगतो, फरक कुठे आहे ते. तिकडे हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गळतात, एकदाच छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. त्यामुळे आम्ही त्याला दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते एप्रिल. म्हणजे तिकडे तोडणी संपते तेव्हा आमची छाटणीची कात्री हातात येते. सायकलवरून मळे बघायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डिसेंबरात गेलात तर काळी खुंटं दिसतील, बाग मेली असं वाटेल. मेलेली नसते.

अजून एक विनंती. कुणाच्याही मळ्यातला घड तोडू नका. एका घडाने काय होतंय असं प्रत्येकाला वाटतं. फवारणी कधी झाली तेही तुम्हाला माहीत नसतं.

रानफूल

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

घाटवाट

छान लिहिलंय, पण चार-पाच दिवसांशी सहमत नाही. 49 किमी, तोही उतार! नियमित चालवणाऱ्याला तीन तासांचं काम आहे. ज्यांना दमायचंय त्यांनी तोर्तोसाजवळच्या रोकेतेसहून मोंत कारो चढावा, वर शेवटपर्यंत डांबरी रस्ता आहे. शिवाय आठवड्याच्या मधल्या वारी तेरा आल्तातले साधे रस्तेही जवळजवळ रिकामे असतात. बातेआला जा, तिथला कमानींखालचा जुना रस्ता बघा. हिरव्या वाटेवर अडकून राहायची गरज नाही.

वळणवाट

घाटवाट, आपलं म्हणणं एकच आहे की, वाटेवर अडकू नका! फक्त तुम्ही पायांना काम मिळावं म्हणून बाहेर पडता, मी गावात थांबता यावं म्हणून. मोंत कारोचा रस्ता सुंदर आहे, पण तो सरावलेल्यांचा. हा धागा मी सुरुवात करणाऱ्यांसाठी आणि घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काढलाय. बातेआ तुम्ही सुचवलंत ते बरं झालं, माझ्याकडून राहिलं होतं.

आणि रिकाम्या रस्त्यांबद्दल: आई-बाबांसोबत असताना दहा मिनिटांनी एक गाडी आली तरी माझं अर्धं लक्ष मागे असतं. हिरव्या वाटेवर आम्ही तिघं शेजारी शेजारी, गप्पा मारत चालवतो. आई आता बागेतलं, शेजारणींचं, लहानपणीचं जे काही सायकलवर बोलते ते घरात कधी बोलली नाही. मला ही वाट प्रिय आहे ती यासाठी.

निवांत

मी साठी ओलांडलेला, एक गुडघा कुरकुरतो. सौ. सायकल चालवतात पण दमतात. बॅटरीची सायकल मिळते का, आणि बोगद्यांची भीती किती बाळगावी?

वळणवाट

निवांत काका, मिळते. तोर्तोसात, बोतमध्ये आणि ओर्तात भाड्याने देणारे आहेत. सप्टेंबर आणि ईस्टरच्या सुट्टीत आधी सांगून ठेवा. काकूंसाठी घ्याच, कारण गावांचे चढ तिच्यावर निम्मे होतात. आमच्या एका फेरीत भाड्याच्या एका सायकलचा मागचा ब्रेक पहिल्याच उतारावर सैल निघाला, म्हणून सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक दाबून, थोडं चालवून बघा. टायर रुंद मागा, 35 मिलिमीटरच्या पुढचे. वाट काही ठिकाणी डांबरी, काही ठिकाणी दाबून बसवलेली बारीक खडी.

बोगदे खूप आहेत. बरेच आखूड, दुसरं तोंड दिसतं. लांब बोगद्यांत दिवे बसवलेत, पण ते चालू असतीलच असं धरू नका. वळणाच्या बोगद्यात मधोमध खरोखर काळोख असतो. सायकलला पुढे दिवा, मागे लाल दिवा, आणि गॉगल कपाळावर. उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावायला क्षणभर लागतो, तेव्हा वेग कमी करा. समोरून चालत येणारी माणसं असतात. आत हवा गार असते, घाम आलेला असेल तर पातळ जाकीट हाताशी ठेवा.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. आणि वाइन चाखायची ती मुक्कामाला पोचल्यावर, मद्याची मर्यादा स्पेनमध्ये सायकलस्वारांनाही लागू आहे.

तुलूझकर

फ्रान्सच्या बाजूने थोडी भर. दक्षिणेत बेदारिये ते माझामे अशी जुन्या रेल्वेची वाट आहे, पासापाईस म्हणतात, सुमारे 80 किमी. कारू डोंगराच्या पायथ्याने जाते, ओलार्ग हे गाव तर थांबण्यासारखंच. कुर्नियूजवळ एक लांब बोगदा आहे, त्याच्या एका बाजूचं पाणी अटलांटिकला जातं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राला. पूर्वेकडे चेरीच्या बागा, त्यापुढे सें-शिनियां आणि फोजेरचे मळे. पण मळे वाटेवर नाहीत, त्यांच्यासाठी दक्षिणेला उतरावं लागतं.

कनाल द्यू मिदी हा दक्षिण फ्रान्समधला कालवा सगळ्यांना माहीत असतो, त्याबद्दल एक सावधगिरी. तुलूझपासून सुरुवातीला काठची वाट उत्तम आहे. पुढे ओद जिल्ह्यात शिरलात की प्लेन जातीच्या झाडांची मुळं, चिखल, अरुंद पायवाट. आणि त्या झाडांची सावली आता पूर्वीची राहिली नाही. 2006 पासून बुरशीचा रोग पसरलाय, हजारो झाडं तोडावी लागली, त्यांच्या जागी दुसरी लावतायत. जुने फोटो बघून जाणाऱ्यांचा हिरमोड होतो. मी दरवर्षी जातो, वाईट वाटतं, पण नवी रोपं वाढताना बघायलाही जायला हवं.

चाकोरीबाहेर

एड्रियाटिक समुद्रावरच्या इस्त्रिया द्वीपकल्पातली पारेंझाना ही जुन्या रेल्वेची वाटही यात बसते. त्रिएस्ते ते पोरेच, 1902 ते 1935 चालली ती अरुंद रुळांची गाडी. आज इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया असे तीन देश. क्रोएशियातला भाग खडबडीत आहे, मोतोवुनच्या खालून मळ्यांमधून जातो. तिथेही गावं माथ्यावर आणि वाट खाली, वळणवाट यांचा मुद्दा तिथे तंतोतंत लागू पडतो. ग्रोझन्यानला मुक्काम करा.

अचलपूरकर

सगळं वाचलं. सुंदर आहे, नाकारत नाही. पण मनात दुसरंच आलं. आमची शकुंतला बंद पडून काही वर्षं झाली. मूर्तिजापूर-अचलपूर, मूर्तिजापूर-यवतमाळ. ब्रिटिश काळातली अरुंद रुळांची गाडी, गरिबाची गाडी. कुणी म्हणतं तिथे पर्यटनाची वाट करा. आम्हाला वाट नकोय, गाडी हवीय. ब्रॉडगेजसाठी लोक आंदोलनं करतायत. रूळ उखडून वाट झाली की गाडीची आशा संपली. तुमच्या त्या तालुक्यात गाडी गेल्यावर लोकांचं काय झालं, हे कुणी लिहीत नाही.

वळणवाट

अचलपूरकर, हे विचारलंत याबद्दल मनापासून आभार. मी लिहायला हवं होतं.

तेरा आल्तातून गाडी गेली आणि परत आली नाही. आज रेल्वेसाठी तोर्तोसाला किंवा एब्रोकाठच्या दुसऱ्या गावांना जावं लागतं. मुलं शिकायला बाहेर पडतात. गावात फिरताना बंद दारं किती दिसतात ते मी मोजत नाही, पण दिसतात. त्या लोकांचं नशीब आधीच कठीण होतं. 25 जुलै ते 16 नोव्हेंबर 1938, स्पेनच्या यादवी युद्धातली एब्रोची लढाई मुख्यतः याच तालुक्यात झाली. कोर्बेराचं जुनं गाव बॉम्बनी पाडलं ते आजही तसंच टेकडीवर उभं आहे, लोक खाली नवीन गाव करून राहिले. चर्चला भिंती आहेत, छत उडालं होतं, आता पारदर्शक छत घातलंय. गांदेसाहून सायकलने जवळ आहे. माझी विनंती आहे की मळे बघायला जाणाऱ्यांनी तिथे जावं.

तर, गाडीला पर्याय म्हणून वाट, हे मलाही मान्य नाही. बोतमध्ये स्टेशनवर बसलेल्या एका आजींनी आम्हाला सांगितलं की त्या या गाडीने तोर्तोसाच्या बाजाराला जायच्या. वाट झाली ते चांगलं, म्हणाल्या, नाहीतर बोगद्यांत नुसत्या बकऱ्या असत्या. पण गाडी ती गाडी. इथे गाडी बंद झाल्यावर वीस-तीस वर्षं काहीच नव्हतं, त्यानंतर वाट आली. शकुंतलेचं अजून तसं झालेलं नाही. जिथे माणसं गाडी मागतायत तिथे आधी गाडीच यायला हवी.

अचलपूरकर

पटलं. त्या आजींचं बोलणं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसारखंच आहे. कोर्बेराबद्दल माहीत नव्हतं.

रानफूल

मी एकटी जाणार आहे, ऑक्टोबरच्या शेवटी. एकट्या बाईला बोगदे-घळ सुरक्षित आहे का? आणि बार्सिलोनाहून तोर्तोसाच्या गाडीत सायकल नेता येते?

वळणवाट

रानफूल, मी एकटीने केलंय, अडचण आली नाही. शनिवार-रविवारी बरीच माणसं असतात, मधल्या वारी बोत ते बेनिफायेतमध्ये बराच वेळ कुणी भेटत नाही. तिथे मोबाइलची रेंज घळीत जाते, म्हणून निघताना मुक्कामाच्या घरी अंदाजे वेळ सांगून ठेवा. खेड्यांतले लोक याची खरंच काळजी घेतात. आणीबाणीचा क्रमांक 112. पाणी बोतलाच भरून घ्या, पुढे भरवशाचं ठिकाण कमी. ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो, घड्याळं मागे गेल्यावर तर साडेपाच-सहालाच.

ऑक्टोबर म्हणून आणखी एक. तेव्हा रानडुकरांची शिकार चालू असते, बहुधा सुट्टीच्या सकाळी. शेतरस्त्यावर 'बातुदा' लिहिलेली पाटी दिसली तर त्या बाजूला जाऊ नका. मुख्य वाटेवर राहा आणि रंगीत कपडे घाला.

रेल्वे: बार्सिलोना-तोर्तोसा प्रादेशिक गाडीत सायकल नेता येते, जागा असेल तर. प्रवास अडीच तासांच्या आसपास. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ टाळा. मोठ्या पिशव्या आधी उतरवून ठेवा, डब्याच्या पायऱ्या उंच असू शकतात. तोर्तोसाहून वर जायला सायकलची ट्रॉली लावलेली टॅक्सी असते, एकटीला महाग पडेल. आदल्या दिवशी विचारून दुसऱ्या गटाबरोबर जागा मिळते का बघा.

निवांत

रानफूल, आम्ही दोघं त्याच आठवड्यात जाण्याचा विचार करतोय. टॅक्सी वाटून घेऊ. व्यक्तिगत निरोप केलाय.

रानफूल

काका, पाहिला. मला मंगळवार चालेल. काकूंना म्हणावं ओर्तात एक दिवस जास्त ठेवू.